बेडकांचा कौल

खाणीच्या वाटेवर त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सायकली, दुचाक्या, भाड्याच्या दोन मोटारी, एक चाकांची खुर्ची आणि ती ढकलून घामाघूम झालेला एक जावई. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला होती. समोर, दगड काढून काढून पोखरलेल्या टेकडीच्या पोटात बंद पडलेल्या खाणीचा डोह होता आणि डोहात बेडूक ओरडत होते.

आता बेडूक ओरडले यात नवल ते काय, असे कुणीही म्हणेल. पण हे बेडूक नुसते ओरडत नव्हते, ते प्रश्नांची उत्तरे देत होते. निदान तिथे जमलेल्या शेकडो माणसांचे तसे म्हणणे होते. आणि इतकी माणसे एकाच वेळी चुकतील कशी, असेही त्यांचेच म्हणणे होते.

काठावरच्या सपाट दगडावर डोहकाका उभे होते. पांढरा स्वच्छ सदरा, गुळगुळीत दाढी, गळ्यात माळ नाही की कपाळावर राख नाही. आजकालचे चमत्कारही साबणाने हात धुऊन येतात.

"उभयचर!" डोहकाका म्हणाले आणि शब्द लोकांच्या अंगात भिनेपर्यंत थांबले. "हे मी नाही सांगत, विज्ञान सांगतं. बेडूक उभयचर आहे. पाण्यातही राहतो, जमिनीवरही राहतो. मग ज्याला दोन जगांत ये-जा करायची मोकळीक आहे, त्याला आजचं कळतं तसं उद्याचंही कळणारच की नाही?"

या हिशेबाने पाणबुड्यांना सगळ्यात जास्त भविष्य कळायला हवे, पण हे कुणाला सुचले नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक बाई पुढे झाली. "मुलगा परदेशी जायचं म्हणतोय. पाठवू का?"

डोहकाकांनी डोळे मिटले. मुठीतले दोन खडे एकमेकांवर हलकेच वाजवले, टक-टक, टक-टक. डोहात एक बेडूक बोलला. मग दुसरा. बघता बघता सगळी खाण दणाणून गेली.

"होकार!" काका म्हणाले. "भरभरून होकार."

बाईच्या डोळ्यांना धार लागली. तिच्यामागून एक दुकानदार सरसावला. भागीदार घ्यावा की नाही, असे त्याने विचारले. या वेळी खडे वाजले नाहीत. काकांनी नुसता हात वर केला, आणि कुणी कात्रीने कापावा तसा तो सगळा कल्ला एका क्षणात तुटला. पाण्यावर चिडीचूप. गर्दीच्या अंगावर काटा आला.

"नकार," काका हळूच म्हणाले.

गर्दीपासून लांब, खडी फोडायच्या गंजलेल्या यंत्राला टेकून एक मास्तर हे सगळे पाहत होते. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून मुले त्यांना बेडूकमास्तर म्हणत आणि मुलांचे आईबापही म्हणत. मास्तरांना राग येत नसे. खरे तर त्यांना आता कशाचाच राग येत नसे, नुसता थकवा येई. या गावात त्यांनी रडणारा पुतळा पाहिला होता आणि त्याच्यामागच्या भिंतीतला फुटका नळ लोकांना दाखवला होता. हात लावताच झटका देणारी सिद्ध पुरुषाची खुर्ची पाहिली होती आणि तिच्या पायातली तार ओढून काढली होती. दर वेळी लोक हसले, "मास्तर, तुम्ही होता म्हणून!" असे म्हणाले आणि पुढच्या चमत्काराला पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून मास्तरांचा हात दुखू लागला होता.

पण हा डोह त्यांचा जीव की प्राण होता. सरपटणारे आणि उड्या मारणारे जीव बघायच्या त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. वीटभट्टीमागचा ढिगारा सापसुरळ्यांसाठी, पुलाखालची मोरी खरबरीत पाठीच्या म्हाताऱ्या भेक बेडकांसाठी, पंपघराची दिव्याखालची भिंत पालींसाठी. आणि या सगळ्यांत लाडका खाणीचा डोह. दर रविवारी पाच-सात हौशी माणसे त्यांच्यामागे हिंडत. त्यांच्यासाठी मास्तरांचे नियम होते. दगड उचलायचा तो आपल्याकडे, म्हणजे खाली साप असला तर तो पलीकडे पळतो आणि मधे दगडाची ढाल राहते. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, कारण ते कुणाचे तरी छप्पर असते. आणि डोहावर बेडूक गप्प झाले की आपणही गप्प व्हायचे, हलायचे नाही, नजर पाण्यावर ठेवायची.

डोहकाका पूर्वी याच फेरीत आले होते. तेव्हा ते काका नव्हते, तपकिरी कोटातला एक अबोल माणूस होते. सगळ्यांच्या मागे उभे राहत. मास्तरांनी दोन खडे वाजवून बेडकांना बोलते केले, तेव्हा या माणसाने एकच प्रश्न विचारला होता, "आणि गप्प करायचे असतील तर?" मास्तर हरखले होते. इतक्या वर्षांत कुणीतरी नीट प्रश्न विचारला होता.

"पाय आपटा," ते म्हणाले होते. "जमीन हादरली की शत्रू आला असं समजून ते गप्प बसतात."

म्हणून आता मास्तरांना खड्यांचे कोडे नव्हते. कोडे होते ते शांततेचे. डोहकाका दगडावर पुतळ्यासारखे उभे होते. गर्दी दोरीमागे थिजलेली. पाय कुणीही आपटत नव्हते. मग बेडूक नेमके हवे तेव्हा गप्प कसे होत होते? मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती, पण तिचे शेपूट काही हाती लागत नव्हते.

आणि तेवढ्यात रांगेतून जी बाई पुढे झाली, तिला पाहून मास्तर यंत्राला टेकलेले एकदम सरळ झाले. गळ्याभोवती निळा रुमाल. ती त्यांची ताई होती.

"गळ्याचं ऑपरेशन सांगितलंय," ताई म्हणाली. शेकडो माणसांच्या गर्दीतही तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. "करून घेऊ का?"

काकांनी हात वर केला. डोह गप्प झाला.

"नकार," काका म्हणाले. "रोज डोहाचं पाणी गळ्याला लावा. " मग काठावर उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, "वहिनी, ताईंना एक बाटली द्या."

ताईच्या चेहऱ्यावर हसू उमटले. मास्तरांना भीती वाटली ती त्या हसण्याची.

ताईने मास्तरांना वाढवले होते. आई लवकर गेली आणि ताईने शाळा सोडून बसस्थानकात नोकरी धरली, ती उद्घोषकाची. काचेच्या एका खोक्यात बसून तिने आयुष्यभर गाड्यांची नावे पुकारली आणि त्या आवाजावर धाकट्या भावाला शिकवले. गावातल्या लोकांना तिचे तोंड ठाऊक नव्हते, पण आवाज झोपेतही ओळखता आला असता. त्या आवाजाच्याच वाटेवर, गळ्यात, एक गाठ आली होती. सर्जनबाईंनी तपासणी करून स्पष्ट सांगितले होते, "गाठ चांगली नाही. पण आज लहान आहे, जागच्या जागी आहे. आता काढली तर बहुतेक निभावेल. वाट बघत बसलात तर पसरेल, आणि मग माझ्याही हातात फारसं राहणार नाही." ताईने विचारले होते, "आणि आवाज?" सर्जनबाई म्हणाल्या होत्या, "आवाजाची नस अगदी शेजारून जाते. आम्ही फार जपतो. पण शंभर टक्के शब्द देता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळा सुटल्यावर तडक बसस्थानकात गेले. काचेच्या खोलीत ताई, तिचा मायक्रोफोन आणि त्याच्या शेजारी डोहाच्या हिरवट पाण्याची बाटली.

"गुरुवारी दवाखान्यात जायचंय ना?" मास्तरांनी विचारले.

"नाही म्हणून कळवलं मी."

"कुणाला विचारून?"

"विचारलं ना. तू होतास की तिथं, यंत्राच्या आड लपून." ताईने बटण दाबले, लाल दिवा लागला आणि आवाजात मध आला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी गाडी चौथ्या फलाटावर लागत आहे. गर्दी बघून गाडीत चढू नका. गाडीची पाटी स्वतः वाचा आणि मगच आत बसा." दिवा विझला. "मला शहाणपण शिकवायला आलास?"

"बेडकांना विचारून गळ्याचा निकाल लावतेस तू, ताई!"

"मग कुणाला विचारू? तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना? त्यांनाच कुठं ठाऊक आहे नक्की? शंभर टक्के नाही म्हणाल्या. बेडकांनी तरी एक काय ते सांगितलं."

"दिवसभर लोकांना काय बजावतेस? गर्दी बघून चढू नका, पाटी वाचा. ते फक्त दुसऱ्यांसाठी?"

पाटीचे ते वाक्य नियमातले नव्हते. कुणी एक म्हातारा गर्दीमागून भलत्याच गाडीत चढला आणि रात्रभर परक्या गावात बसून राहिला, तेव्हापासून ताईने ते आपल्या पदरचे जोडले होते. आता तिने रुमालावरून हात फिरवला.

"गाडीला पाटी असते रे. माझ्या गळ्याला कुठंय?"

दिवा लागला, एक गाडी सुटली, दिवा विझला.

"असं करू," ताई म्हणाली. "उद्या तू चल माझ्याबरोबर. तुझ्यासमोर पुन्हा विचारते. होकार आला तर निमूट ऑपरेशनला येईन. पण नकार आला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. आणि घरी जाताना त्यांनी रस्त्यावरचे दोन गुळगुळीत खडे उचलून खिशात टाकले.

कशासाठी, ते त्यांना पक्के माहीत होते. गर्दीत मागे उभे राहायचे, वेळ आली की खिशातल्या खिशात खडे वाजवायचे. बेडूक बोलतील, होकार होईल, ताई ऑपरेशन करून घेईल. ना वाद, ना व्याख्यान. इतकी वर्षे लोकांना खरे सांगून काय मोठा उजेड पडला होता? एकदा खोटे बोलून बहीण वाचत असेल तर वाचू दे. दमलेल्या माणसाला आडवाट फार जवळची वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे रांगेत उभे राहिले. रांगेवर वहिनींची देखरेख होती. वहिनी म्हणजे डोहकाकांच्या कोण ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण सगळे त्यांना वहिनी म्हणत. जाड तळव्यांचे बूट, हातात थर्मास, आणि जिभेवर साखर. पायरीपायरीने त्या रांगेतल्या प्रत्येकाची विचारपूस करत येत.

"ताई, पुन्हा आलात? पाण्यानं बरं वाटत नाही का?"

"वाटतंय हो. पण हा माझा भाऊ. ऑपरेशन करच म्हणून हटून बसलाय."

"भावाची माया असते ती," वहिनींनी मास्तरांकडे प्रेमाने पाहिले. "पण तुम्हाला काय वाटतं, तुमच्या मनाला?"

ताईचा हात रुमालाकडे गेला. "मनातून… नकोच वाटतं."

"मनाचं ऐकावं माणसानं," वहिनी म्हणाल्या, ताईची पाठ थोपटली आणि डोहाच्या काठाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

नंबर आला. ताई दगडापाशी गेली. मास्तर तिच्या मागे, खिशात हात घालून. गर्दीत औषध दुकानदार होता. मास्तरांच्या रविवारच्या फेरीतला हा सगळ्यात जुना शिष्य. दिवसभर रक्तदाबाच्या गोळ्या विकायचा आणि संध्याकाळी इथे येऊन बेडकांना सलाम करायचा. तो लोकांना दटावत होता, "शू! कुणी हलू नका! नजर पाण्यावर!"

मास्तर चपापले. ते त्यांचेच शब्द होते. त्यांनीच या माणसाला घोकायला लावलेले.

सगळ्यांची नजर पाण्यावर होती. परवा त्यांची स्वतःचीही पाण्यावरच होती. बेडूक बघायचे म्हणजे पाण्याकडे बघायचे, काठाकडे काय बघायचे, काठावर तर आपणच उभे असतो!

"गळ्याचं ऑपरेशन करून घेऊ का?" ताईने विचारले.

आणि मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. त्यांनी डोहाकडे पाठ केली.

समोर शेकडो चेहरे होते आणि सगळे त्यांच्या खांद्यावरून पाण्याकडे पाहत होते. एकच चेहरा ताईकडे पाहत होता, वहिनींचा. त्यांच्या बुटाखाली खाणीच्या जुन्या पंपाची लोखंडी नळी होती. काठावरून निघून ती गवतातून थेट पाण्यात उतरत होती. वहिनींची टाच बोटभर वर झाली आणि खाली आली. माणसाच्या कानापर्यंत काही पोहोचले नाही. पण मास्तरांच्या पाठीमागे सगळा डोह गप्प झाला.

"नकार," डोहकाका म्हणाले.

ताईने भावाकडे पाहिले. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता, सुटल्याचा होता. मास्तरांच्या खिशातले खडे घामाने ओले झाले होते. आत्ताही वाजवता आले असते. पण मग उद्या ताई औषध घ्यावे का हे बेडकांना विचारेल, परवा टाके काढावेत का ते विचारेल, आणि दर वेळी तिच्यामागे उभे राहून खडे कोण वाजवणार? एका डोहकाकाच्या जागी दुसरा, आणि तो सख्खा भाऊ! मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

"काका, एक विनंती आहे," ते मोठ्याने म्हणाले. "हाच प्रश्न पुन्हा विचारा. फक्त वहिनींनी त्या नळीवरून खाली उतरावं."

वहिनींचा चेहरा उतरला, पण काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मास्तरांचेच होते. "शंकेखोर माणूस आला की डोह गढूळ होतो," ते हसून म्हणाले.

"होऊ दे की. विचारा तर खरं. का, बेडूक माझ्याहून घाबरट आहेत?"

लोक हसले. कुणीतरी ओरडले, "उतरा हो वहिनी, होऊन जाऊ दे!" वहिनींना उतरावे लागले. दोन-चार मिनिटांत बेडूक आपले आपण सुरू झाले. काकांनी प्रश्न विचारला, हात वर केला. बेडूक ओरडतच राहिले. हात आणखी वर गेला. बेडकांना हाताचे काय! ते जिवाच्या आकांताने ओरडत होते.

"म्हणजे आता होकार?" चाकांच्या खुर्चीवाला जावई म्हणाला. "इतक्यात मत बदललं?"

मास्तर नळीपाशी गेले आणि टाच आपटली. डोह गप्प. खिशातले खडे काढून वाजवले. डोह सुरू. पुन्हा टाच, गप्प. पुन्हा खडे, सुरू.

"यात कौल नाही, काही नाही," मास्तर म्हणाले. "ओरडतात ते नर. माद्यांना बोलावतात. खड्यांचा आवाज आला की त्यांना वाटतं दुसरा नर आला, म्हणून ते आणखी जोर करतात. नळी हादरली की पाणी हादरतं, त्यांना वाटतं साप आला, बगळा आला, म्हणून जीव मुठीत धरून बसतात. तुमच्या भागीदाराशी त्यांना काही देणंघेणं नाही."

मग औषध दुकानदार पुढे आला, त्याचे डोळे भरले होते, आणि तो थेट मास्तरांच्या पायांवर वाकला.

"मास्तर! इतकी वर्षं बरोबर हिंडलो, पण कळू दिलं नाहीत! बेडूक तुमचंही ऐकतात!"

"मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," डोहकाका झटकन म्हणाले. "ही शक्ती यांच्यातही आहे."

आणि मागून एका म्हातारीने विचारले, "मास्तर, माझ्या गुडघ्याचं तेवढं विचाराल का?"

मास्तर मटकन दगडावर बसले. हसावे की रडावे ते कळेना. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण निदान गाढव उठून पायांवर डोके तरी ठेवत नाही. क्षणभर वाटले, उठावे आणि घरी जावे. पण ताई तिथेच उभी होती, हातात ती हिरवट बाटली घेऊन.

"इकडे या आजी," मास्तर म्हणाले. "तुमची काठी नळीवर आपटा."

आजीने काठी आपटली. डोह गप्प झाला. आजी दचकली, मग बोळक्या तोंडाने हसली. मास्तरांनी खडे जावयाच्या हातात दिले. त्याने वाजवले आणि खाण दणाणली. औषध दुकानदाराने आपटून पाहिले. मग एकेक जण येऊ लागला. हसणे वाढत गेले, आणि जसजसे ते वाढले तसतसे डोहकाका दगडावरून मागे सरकत गेले. एक-दोघांनी बाह्या सरसावल्या, तेव्हा मास्तरांनीच त्यांना अडवले. "हात लावू नका. माराल तर उद्या तो तुमचाच हुतात्मा होईल. जाऊ दे." काका आणि वहिनी गेले. थर्मास तेवढा राहिला.

ताई सगळ्यात शेवटी आली. नळीपाशी उभी राहिली, पण टाच आपटली नाही.

"कुणी हलू नका," ती म्हणाली, आणि तो आवाज ऐकून सगळी गर्दी फलाटावरच्या प्रवाशांसारखी जागच्या जागी थांबली. मग ती पाण्याकडे बघून म्हणाली, "माझा आवाज राहील का?"

तिला आधीपासून हेच विचारायचे होते. ऑपरेशनचा प्रश्न नुसता वरचा होता.

बेडूक ओरडत होते. ताई ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली.

"हे तर नुसतं ओरडतायत," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"यांना माझ्याबद्दल काही ठाऊकच नाही."

"नाही."

"मग परवा नकार कुणाचा होता?"

मास्तरांना ते बोलणे जिवावर आले, पण त्यांनी सांगितले. "वहिनींनी आजच्यासारखं परवाही रांगेत तुला विचारलं होतं ना, तुझ्या मनाला काय वाटतं? तू म्हणालीस, नको. तेच त्यांनी टाचेनं बेडकांकडून वदवलं. तुझीच भीती होती ती, ताई. तुलाच परत मिळाली."

ताईने बाटलीचे झाकण काढले आणि पाणी जिथले तिथे, डोहात ओतून दिले.

"भीती वाटते रे," ती म्हणाली. भाऊ इतका मोठा झाल्यापासून ती हे पहिल्यांदाच बोलली होती.

"मलाही वाटते," मास्तर म्हणाले. "पण सर्जनबाईंनी शंभर टक्के नाही म्हणून सांगितलं, म्हणजे त्या खरं बोलल्या. त्यांना उलट दहा प्रश्न विचारता येतात. बेडकांना एक तरी विचारता येतो का?"

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झाले. गाठ पूर्ण निघाली. आवाज मात्र गेला. ताई पाटीवर खडूने लिहून बोलू लागली, तेही भांडायचे झाले की मोठ्या अक्षरांत. "येईल," सर्जनबाई म्हणत होत्या, "पण किती आणि कधी, ते आज नाही सांगता येणार." त्या दिवसांत मास्तरांना कितीदा तरी वाटले की कुणीतरी, कुठल्या तरी बेडकाने, ठामपणे "होकार" म्हणावे. लोक रांगेत का उभे राहतात, ते त्यांना तेव्हा नीट कळले आणि त्यांची चेष्टा करायची त्यांची खुमखुमी जरा कमी झाली.

डोहावर आता फारसे बेडूक नाहीत. इतक्या पायांनी काठ तुडवला गेला, बाटल्या पाण्यात पडल्या. डोहकाका तीन गावे पलीकडे आहेत म्हणतात आणि तिथे विहिरीतले कासव हरवलेल्या वस्तूंची दिशा दाखवते. औषध दुकानदाराने परवा हळूच विचारले, "मास्तर, कासवाचं तरी खरं असेल का हो?" मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "रविवारी चला. आपण दोघं जाऊन बघू. मी पाण्याकडे बघतो, तुम्ही काठाकडे बघा." दुकानदार तयार झाला. एवढेही काही कमी नाही.

तर वाचकहो, बेडूक खोटे बोलत नाहीत, पाली नाहीत, कासवेही नाहीत. त्यांना आपल्याशी बोलायचेच नसते. जो उत्तर देतो पण उलट प्रश्न विचारू देत नाही, त्याच्यापासून सावध राहावे. आणि सगळे जण एकीकडे बघत असतील तेव्हा एकदा तरी मान वळवून दुसरीकडे पाहावे.

हे मास्तरांनी शाळेत अनेकदा सांगितले आहे, पण त्यांच्याहून चांगले ते दुसऱ्याच कुणी सांगितले. एके दिवशी मास्तर बसस्थानकात गाडीची वाट बघत होते. तिसऱ्या फलाटावर एक गाडी लागली आणि सगळी गर्दी तिच्यावर तुटून पडली. मास्तरही सवयीने पिशवी उचलून गर्दीमागून निघाले. तेवढ्यात डोक्यावरच्या कर्ण्यात खरखर झाली आणि कित्येक महिन्यांनी तो आवाज आला. पहिला मध त्यात राहिला नव्हता. जाड होता, घोगरा होता, मधेच चिरकत होता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," ताई म्हणाली. "गर्दी बघून गाडीत चढू नका. गाडीची पाटी स्वतः वाचा आणि मगच आत बसा."

मास्तर थांबले. डोळे पुसले आणि पाटी वाचली. गाडी त्यांची नव्हती.